दाताखालचा गहू

यंदा ओदेतबाईंचा फोन अजून आलेला नाही.

आखनच्या आसपासचा गहू जुलै संपता संपताच कापून झाला. आमच्या घरापासून सायकलने पाच मिनिटांवर शेतं सुरू होतात आणि त्यातच कुठेतरी जर्मनी संपून बेल्जियम लागतो. नक्की कुठे ते कुणालाच ठाऊक नाही, आणि कुणाचं काही अडतही नाही. आता त्या शेतांत नुसती धसकटं उरली आहेत. पलीकडे मका उभा आहे, बीट माती धरून बसलं आहे, आणि सकाळी बसस्टॉपवर उभं राहिलं की गार वारा थेट कानात शिरतो. हा वारा सुटला की मी फोन जवळ ठेवायला लागते. स्वयंपाकघरात, गॅलरीत, मीटिंगमध्येसुद्धा पालथा घालून का होईना, पण समोर.

कारण दरवर्षी ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात कॅनडातून एक फोन येतो. त्यात नमस्कार नाही, कशी आहेस नाही. फोन कानाला लावला की आधी 'कट्' असा आवाज. गव्हाचा दाणा दाढेखाली फुटल्याचा. मग ओदेतबाई विचारतात, "आलोर?" म्हणजे, मग? काय म्हणतेस? मी म्हणते, "वाजला. करा सुरुवात." मग त्या हसतात, मागे मशीन घरघरायला लागतं, आणि नंतर कुठे एकमेकींच्या गुडघ्यांची चौकशी. अकरा वर्षं हे असं चाललंय. यंदा सप्टेंबर अर्धा सरला तरी फोन मुका.

"अगं, मग तूच कर की," नवरा म्हणतो. त्याचं बरोबर आहे. पण ओदेतबाई ऐंशीच्या पुढे गेल्यात. मी फोन केला आणि तो त्यांच्या लेकीने उचलला तर? ती हळू आवाजात बोलायला लागली तर? मला भीती वाटते, दुसरं काही नाही. म्हणून मी रोज 'उद्या करते' म्हणते आणि भांडी लावायला घेते.

ही ओळख झाली ती माझ्या डॉक्टरेटच्या दिवसांत. इथल्या विद्यापीठात मी शेतीच्या यंत्रांवर काम करत होते. मी म्हणजे पुण्याची, सदाशिव पेठेतली, गहू फक्त पोत्यात पाहिलेली. माझ्या हाती एक डबी होती. हार्वेस्टरच्या पोटात ती बसवायची, धान्य तिच्यासमोरून वाहत जाणार, आणि ती चालकाच्या पडद्यावर सांगणार की गहू किती ओला, किती कोरडा. यात गंमत नाही हो. ओला गहू कोठीत भरला की तो आतल्या आत तापतो, त्याला वास येतो, आणि वर्षभराची मेहनत बुरशीला मिळते. डबी कापणीच्या हंगामात खरोखरीच्या शेतावर तपासायची होती. आमच्या प्राध्यापकांच्या ओळखीने जागा मिळाली ती थेट कॅनडाच्या गवताळ सपाटीवर, सस्कॅचेवान प्रांतात, आणि तीही एका फ्रेंच बोलणाऱ्या गावात.

"तुला फ्रेंच येतं ना? गेनाऊ! झालं तर मग!" असं म्हणून त्यांनी विषय मिटवला. मला फ्रेंच येत होतं ते अकरावी-बारावीत स्कोअरिंग म्हणून घेतलेलं. माझ्या काकाची पेन्सिल बागेत आहे, इतपत.

त्या गावाचं नाव एका संतिणीचं. एक रस्ता, एक चर्च, धान्य चढवायचा एक उंच जुना मनोरा, एक दुकान, आणि ग्रामपालिकेचं बुटकं कार्यालय. मी पोचले त्या दिवशी कार्यालयाच्या दाराला हाताने लिहिलेला कागद चिकटवला होता: कापणी संपेपर्यंत बैठक होणार नाही, फारच निकड असेल तर आम्ही शेतात सापडू. जर्मनीत दोन वर्षं काढून आलेल्या मला तो कागद वाचून हसूच आवरेना. इथे साधा पत्ता बदलायचा तर टेर्मिन, म्हणजे आधी ठरवून घेतलेली वेळ लागते, आणि तिथे अख्खी पालिका शेतात! पुढच्या सगळ्या दिवसांत मला त्या पालिकेची माणसं खरोखर शेतातच भेटली. रस्त्याची खडी सपाट करणारा मोठा ग्रेडर चालवणारे जिल्बेरसुद्धा दुपारनंतर कुणाच्या तरी ट्रकवर असायचे.

जमीन इतकी सपाट की पहिले दोन दिवस मला चक्कर आल्यासारखं व्हायचं. नजर टेकवायला डोंगर नाही, टेकडी नाही, पर्वतीएवढंसुद्धा काही नाही. नुसता गहू, आणि त्यावर आभाळ. मी आईला फोटो पाठवला तर तिचं उत्तर आलं, "छान आहे, पण माणसं कुठेयत?"

माणसं होती. ओदेतबाई तेव्हा सत्तरीच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. बुटक्या, रुंद, आणि बोलण्यात तलवार. लेक मिरेय हार्वेस्टर चालवायची, ती आईच्या अगदी उलट, शब्द मोजून वापरणारी. मी त्यांच्याच घरी राहत होते. इंग्रजी दोघींना उत्तम यायचं, पण ओदेतबाई माझ्याशी फ्रेंचच बोलायच्या. "ही भाषा इथे आम्ही हातांनी धरून ठेवली आहे, पाहुण्याने एक बोट तरी लावायचं," म्हणायच्या. मी बोट लावत होते. माझ्या व्याकरणाला त्या रोज हसायच्या आणि रोज नवं काहीतरी खायला घालायच्या.

शेतातल्या जेवणाची त्यांची एक रीत होती, तिच्यावर मी आजही जीव टाकते. संध्याकाळी पाचला त्या पिकअप गाडी शेतात आणायच्या. मागची फळी पाडायच्या आणि तिच्यावर टेबलक्लॉथ अंथरायच्या. प्लॅस्टिकचा नव्हे, सुती, इस्त्रीच्या घड्या दिसणारा. टॉवेलात गुंडाळलेली भांडी उघडली की वाटाण्याच्या सुपाची वाफ. माझ्यासाठी मांसाशिवायचं वेगळं काढलेलं, त्यावर चिठ्ठी चिकटवलेली. सगळी यंत्रं वीस मिनिटं बंद. आणि जेवताना एकच नियम: प्रत्येकाने आज काय पाहिलं ते सांगायचं. एकच गोष्ट. हवामान सोडून.

पहिल्या दिवशी मिरेय म्हणाली, तिने धुऱ्यावर बिळाबाहेर बसलेला बॅजर पाहिला. जिल्बेरनी पोस्टासमोर नवी सायकल पाहिली होती. माझी पाळी आली. "मी कोल्हा पाहिला," मी म्हणाले. तो पाहिला होता, खोटं नव्हतं. पण त्या दिवशी मी आणखीही एक गोष्ट पाहिली होती, आणि ती पोटातच ठेवली.

ते सांगायचं तर आधी आईचं सांगायला हवं. आमच्याकडे मे महिन्यात वर्षाचा गहू भरायचे. दुकानदार मूठभर दाणे पुढे करायचा, आई त्यातला एक उचलून दाढेखाली धरायची. कट् वाजला तर पोतं घरी, नाही वाजला तर "अहो, ओला आहे हा, कुणाला देताय?" असं चारचौघांत ऐकवून पुढचं दुकान. मला लहानपणी त्याची भयंकर लाज वाटायची. पण दाढेला ती सवय लागलीच. त्यामुळे कापणीच्या पहिल्या सकाळी, मशीनमधून पहिला गहू ट्रकमध्ये पडताना, मी नकळत एक दाणा तोंडात टाकला.

तो वाजला नाही. दबला. चिवट, च्युइंगमसारखा.

मी पडद्यावर पाहिलं. माझी डबी म्हणत होती, कोरडा. मिरेय माझ्याकडे बघत होती. ओदेतबाई छातीवर हात बांधून, नटून, ओठांना लाली लावून उभ्या होत्या, कारण पहिला दिवस होता. आणि मी विचार केला, शुभकार्याला पहिल्याच दिवशी नाट कशाला लावा? सगळी माणसं सजून उभी आहेत, यंत्र कोरडा म्हणतंय, आणि मी परदेशातून येऊन सांगू की माझी आई दुकानात दाणे चावते म्हणून थांबा? मी अंगठा वर केला. "सुके!" अशा अर्थाचं काहीतरी मोडकं फ्रेंच बोलले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पुण्यात हे शहाणपणच ठरलं असतं. नाट लावणारीला कुणी जवळ करत नाही. मुंजीत, बारशाला, घरभरणीला मूग गिळून बसायचं आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. पण गव्हाला मुंजीशी काही घेणंदेणं नसतं. त्याला ओलं ठेवलं की तो तापतो.

चौथ्या दिवशी मी एकटीच कोठीपाशी गेले. पत्र्याची गोल, दुमजली घराएवढी कोठी, वर शिडी. झाकण उघडून मी कोपरापर्यंत हात आत खुपसला. आई धान्याच्या डब्यात असाच हात घालायची. गहू गार लागायला हवा, विहिरीच्या पाण्यासारखा. तो कोमट होता. अंघोळीच्या पाण्यासारखा. नाकाशी हात नेला तर भिजलेल्या कणकेचा वास. ती कोठी म्हणजे त्या दोघींचा अर्धा हंगाम होता, हे मला नीट ठाऊक होतं.

डबी का चुकली तेही तिथेच, शिडीवर, लक्षात आलं. आखनच्या प्रयोगशाळेत, हीटर लावलेल्या खोलीत, मी तिला गहू ओळखायला शिकवलं होतं. या शेतातल्या सकाळी मात्र हातमोजे घालावे लागतील अशा. गारठलेला गहू तिला कोरडा वाटत होता. दोन वर्षांचं काम, आणि मी तापमानाचा साधा हिशेब बाहेरच्या हवेत एकदाही पडताळला नव्हता. गाढवपणा. पण गाढवपणा एक वेळ चालला असता. दाढेने सांगितलं होतं आणि मी गप्प बसले, ते कुठे लपवणार?

संध्याकाळी पाचला टेबलक्लॉथ अंथरला गेला. मिरेयने पाहिलेला ससाणा सांगितला. माझी पाळी आली. माझं फ्रेंच सगळं उडून गेलं होतं. मी शब्द एकेक करून काढले. "मी ओला गहू पाहिला," मी म्हणाले. "पहिल्या दिवशी. दाताने. आणि बोलले नाही. कोठी गरम आहे."

ओदेतबाईंनी तोंडातला घास शांतपणे चावून संपवला. "किती गरम?" मी सांगितलं. त्यांनी चमचा ठेवला, टेबलक्लॉथ घडी केला, घडीवर घडी, कोपऱ्याला कोपरा जुळवून. मग माझ्याकडे वळल्या आणि जे बोलल्या ते मी आजतागायत विसरलेले नाही.

"मला त्याच दिवशी सांगितलं असतंस तर मी रागावले असते. पाच मिनिटं. माझा राग पाच मिनिटांचाच असतो, हवं तर मिरेयला विचार. तू माझी ती पाच मिनिटं वाचवलीस आणि गहू चार दिवस तापला."

मी रडले. अगदी नाक वाहेपर्यंत. मिरेयने खिशातून मशीनचं ग्रीस लागलेलं फडकं पुढे केलं, आणि मी त्यानेच नाक पुसलं, त्यामुळे पुढचा तासभर मी मिशीवाली दिसत होते, हे मला कुणी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच अंगणात गाड्या उभ्या होत्या. चार शेजारी आपापले ट्रक घेऊन आले होते, स्वतःचा उभा गहू तसाच सोडून. जिल्बेर पालिकेचा ग्रेडर रस्त्याच्या कडेला लावून आले. कुणाच्या घरी अडचण आली की सगळ्यांनी एक दिवस द्यायचा, याला ते कोर्वे म्हणतात. आमच्या कोकणातल्या मावशीकडे लावणीला असंच एकमेकांकडे जायचे, त्यामुळे मला ते समजावून सांगावं लागलं नाही. लांब पाइप, त्याच्या आत फिरता स्क्रू, असल्या यंत्रांनी कोठीतला सगळा गहू उपसून उघड्या हवेतून ट्रकमध्ये, आणि ट्रकमधून दुसऱ्या कोठीत. गार वाऱ्यातून दाणे पडत होते आणि त्यांची ऊब निघून जात होती. दिवसभर हेच. मी फावडं घेऊन कोठीच्या तळाशी उभी, धुळीने पांढरी. कुणी मला विचारलं नाही की चूक कुणाची. सगळ्यांना माहीत होतं, गाव केवढंसं! तरीही कुणी विचारलं नाही. उलट एकाने फक्त एवढंच विचारलं, तुमच्याकडे गव्हाचं काय करतात? मी पुरणपोळी सांगायचा प्रयत्न केला. डाळ गोड करून आत भरतात, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

तळाचा थोडा गहू गेला, तो जनावरांकडे गेला. बाकी सगळा वाचला.

त्या दिवसापासून ओदेतबाईंनी मला शिक्षा दिली. प्रत्येक ट्रकमधला एक दाणा मी चावायचा, मोठ्याने सांगायचं, आणि मगच कोठी उघडायची. डबीचा आकडा मिरेय वहीत लिहायची, त्याच्या बाजूला माझ्या दाढेचं मत. त्या वहीवरूनच मी डबी दुरुस्त केली. माझ्या प्रबंधातला सर्वांत चांगला भाग तोच आहे, आणि त्यात दाढेचा उल्लेख कुठेही नाही, ही माझी आणखी एक गप्प बसण्याची गोष्ट.

एका सकाळी ओदेतबाईंना माझ्या आईला बघायचं होतं. तिथे सकाळ, पुण्यात दिवेलागण. व्हिडिओवर आई नुकतीच देवापुढे दिवा लावून आलेली, ओदेतबाई डोक्याला रुमाल बांधून. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. ओदेतबाईंनी कॅमेऱ्यासमोर दाणा धरला, दाढेखाली घातला. कट्. आई क्षणभर ऐकत राहिली, मग उठून आत गेली आणि आपल्या डब्यातला गहू घेऊन आली. कट्. दोघी खो खो हसायला लागल्या. आई मला म्हणाली, "या बाई आपल्यातल्याच आहेत. त्यांना सांग, बोटभर एरंडेल चोळून ठेवा, कीड लागत नाही." मी भाषांतर केलं. ओदेतबाईंनी गंभीरपणे विचारलं, एवढ्या मोठ्या कोठीला किती लागेल?

आता मी त्याच विषयातली नोकरी करते. सुधारलेली ती डबी आमची कंपनी बनवते, आणि ओदेतबाईंच्या मशीनमध्येही तीच बसलेली आहे. माझी लेक सात वर्षांची आहे, मी मराठीत विचारलं की जर्मनमध्ये उत्तर देते, मला जर्मन रीतीने 'मामा' म्हणते, आणि पुण्याहून आलेली आजी ते ऐकून पहिले चार दिवस दचकते. तरी मी मराठीच बोलत राहते. हातांनी धरून ठेवायचं म्हणजे काय, ते मी एका टेबलक्लॉथभोवती शिकले. कुणाला 'थँक्यू' म्हणून त्याची परतफेड होईल असं ते नव्हतं. परक्या मुलीने अर्धा हंगाम धोक्यात घातला आणि त्यांनी तिच्या हातात फावडं दिलं, जेवायला वाढलं, वर दरवर्षी तिचं मत विचारलं. इतका विश्वास माझ्यावर माझ्या माणसांनीसुद्धा क्वचित टाकला असेल.

एवढं लिहून काल मी उठले, आणि ठरवलं की आता पुरे, उद्या मीच फोन करायचा. आज संध्याकाळी पाच वाजता, मी कांदा चिरत असताना, बाहेरून लेक ओरडली, "मामा, डाइन हँडी!" म्हणजे तुझा फोन.

कॅनडाचा नंबर. मी ओल्या हातानेच उचलला. कानाला लावला. 'कट्' नाही. नुसती दूरची घरघर.

"आलोर?" ओदेतबाई म्हणाल्या.

मी खुर्ची ओढून बसले. "मादाम, काही ऐकूच आलं नाही," मी म्हणाले.

"येणार नाहीच. दात गेले माझे. सगळे. वसंतात काढले. नव्या कवळीने दाणा चावला तर कवळीच वाजते. यंदा पाऊसही पडत राहिला, म्हणून उशीर. आता मिरेय चावते आहे, तिने फोन तोंडाजवळ धरला होता. मी म्हणते, ओला आहे. तिला पटत नाही. म्हणते, आई, पडदा कोरडा दाखवतो, आणि परवा पुन्हा पाऊस आहे. मशीन चालू करून बसली आहे. आणि डबी तर तुझीच."

मागे खरंच घरघर चालू होती. "मिरेयला पुन्हा चावायला सांगा," मी म्हणाले. फोन सरकवल्याचा आवाज. मग मी डोळे मिटून ऐकलं. काही फुटलं नाही. नुसतं मऊ, बसकं काहीतरी दबलं.

परवा पाऊस. पहिला दिवस. ओदेतबाईंनी लाली लावली असणार. आणि पडद्यावरचा आकडा माझा स्वतःचा.

"मिरेय," मी म्हणाले, "मशीन बंद कर. ओला आहे."

"पण तुझीच डबी सांगते ना!" मिरेयचा आवाज चढला. इतक्या वर्षांत मी तो चढलेला पहिल्यांदा ऐकला.

"डबीचं मी बघते, उद्याच बघते. चूक असेल तर माझी असेल. तू बंद कर."

मग घरघर थांबली. फोनमधून वारा ऐकू यायला लागला, आणि खडीवरून ताडताड लांब जाणारी पावलं.

"रागावली," ओदेतबाई म्हणाल्या. चांगल्याच खुशीत होत्या.

"किती वेळ?"

"माझीच लेक आहे. पाच मिनिटं."

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, कांद्याने पाणावलेले डोळे पुसले, आणि आम्ही दोघींनी फोन चालू ठेवला. चौथ्या मिनिटाला पावलं परत आली आणि मिरेय आईला विचारताना ऐकू आली, "कॉफी आहे का?"